रेड अलर्ट, कडक ऊन आणि 'सिद्ध झालं' म्हणणारे काका

जुलैतली गोष्ट. रात्री साडेदहाला मेसेज फिरला की उद्या पुणे जिल्ह्याला रेड अलर्ट, शाळांना सुट्टी. सकाळी उठून बघतो तर कोथरूडमधे लख्ख ऊन, बाल्कनीतले कपडे नऊ वाजताच वाळलेले. झालं, सोसायटीच्या ग्रुपवर सुरू. बी विंगमधल्या काकांनी लिहिलं, "वेधशाळा म्हणाली पाऊस पडणार. पडला नाही. म्हणजे वेधशाळेला काही कळत नाही. सिद्ध झालं." खाली अठरा अंगठे, त्यातला एक माझाही, खोटं कशाला बोला.

माझी भाची बारावी आर्ट्सला आहे, तर्कशास्त्र घेतलंय. सुट्टी मिळाल्यामुळे ती आमच्याकडे पोहे खात बसली होती. माझा फोन बघून म्हणाली, "मामा, अंगठा काय देतोस, काकांनी दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केलीय." मग अर्धा तास तिने माझी शिकवणी घेतली. नंतर मी स्वतः बरंच वाचलं, आणि आता मला ग्रुपवरचं प्रत्येक भांडण वेगळंच दिसायला लागलंय, म्हणून हे लिहितोय.

आधी युक्तिवाद म्हणजे काय ते

युक्तिवाद म्हणजे भांडण नव्हे. एक किंवा जास्त विधानं आधार म्हणून ठेवायची आणि त्यांच्या जोरावर आणखी एक विधान, म्हणजे निष्कर्ष, उभा करायचा, एवढंच. "आज गर्दी आहे" हे नुसतं विधान झालं. "आज गर्दी आहे, कारण चतुर्थी आहे आणि चतुर्थीला सारसबागेत गर्दी असतेच" हा युक्तिवाद. त्यात "म्हणून", "कारण", "म्हणजे" असं काहीतरी असतं, किंवा निदान मनातल्या मनात घालता येतं.

आता मुख्य मुद्दा. आधार निष्कर्षाला कितपत धरून ठेवतात, याचे दावे दोन प्रकारचे असतात. एक म्हणतो, आधार खरे असतील तर निष्कर्ष खरा असलाच पाहिजे, दुसरी सोयच नाही. दुसरा म्हणतो, आधार खरे असतील तर निष्कर्ष बहुतेक खरा आहे. पहिल्याला निगमन म्हणतात, दुसऱ्याला विगमन. नावं जुळ्या भावांसारखी आहेत, गोंधळ होणारच, पण हे दोनच शब्द लक्षात ठेवा, बाकीचे मी फार वापरणार नाही.

नळाचे जोड आणि टाकीतलं पाणी

निगमन म्हणजे सोसायटीचं प्लंबिंग. वर टाकी, खाली नळ, मधे पाईप. जोड पक्के असतील तर टाकीत जे आहे तेच नळाला येणार. टाकीत नसलेलं काहीही नळाला येणार नाही.

उदाहरण घ्या. पुण्यातली सगळी दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात. आमच्या कोपऱ्यावरचं मोबाईलचं दुकान पुण्यात आहे. म्हणून ते दुपारी एक ते चार बंद असतं. याची जोडणी तपासा. वरची दोन्ही विधानं खरी आहेत असं धरलं तर तिसरं खोटं असूच शकत नाही. जोड एकदम टाईट. अशा युक्तिवादाला वैध म्हणतात. आणि तरी निष्कर्ष साफ खोटा आहे, कारण तो पोरगा दुपारी दोनला स्क्रीनगार्ड लावून देतो, मी स्वतः लावून घेतलंय. दोष पाईपमधे नाहीये, टाकीत गढूळ पाणी आहे, "सगळी दुकानं" हे विधानच विनोदातलं आहे.

म्हणजे तपासण्या दोन, आणि त्या वेगवेगळ्या करायच्या. जोड बरोबर आहेत का? आणि टाकीतलं पाणी स्वच्छ आहे का? दोन्हीला हो आलं तरच त्या युक्तिवादाला पक्का म्हणायचं. आपण काय करतो, निष्कर्ष आवडला नाही की जोडांना शिव्या घालतो आणि आवडला की दोन्ही तपासण्या माफ.

उलटा प्रकार पण बघा, हा मी जास्त धोकादायक समजतो. आमच्याकडे नियम आहे की ज्यांचा मेंटेनन्स थकलाय त्यांना पार्किंगचं स्टिकर मिळत नाही. सी विंगच्या ताईंच्या गाडीला स्टिकर नाही. म्हणून त्यांचा मेंटेनन्स थकलाय. ऐकायला किती सरळ वाटतं! टाकीतलं पाणी स्वच्छ आहे, नियम खरा, स्टिकर नाही हेही खरं, पण जोड निसटलाय. थकबाकी असली की स्टिकर नाही, एवढंच नियम सांगतो, स्टिकर नसलं की थकबाकीच असं कुठे म्हटलंय? ताईंनी काच बदलून घेतली होती, जुन्या काचेबरोबर स्टिकर गेलं. पण तोपर्यंत कुजबुज तीन मजले फिरून आली होती.

जोड तपासायची युक्ती भाचीने सांगितली ती भारी आहे. आधार सगळे खरे आणि निष्कर्ष मात्र खोटा, अशी एक तरी गोष्ट रचता येते का बघायचं. काच बदलल्याची गोष्ट रचता आली ना, म्हणजे वैध नाही. मोबाईलच्या दुकानाचं बघा, सगळी दुकानं खरंच बंद असतील आणि हे पुण्यातलंच दुकान असेल तर ते उघडं असल्याची गोष्ट रचूनच दाखवा.

शितावरून भाताची परीक्षा

विगमनाचं अख्खं पुस्तक आपल्या एका म्हणीत आहे. पातेल्यात भात शिजत असतो, आई पळीने एक शीत काढते, बोटांत दाबते आणि गॅस बंद करते. पातेल्यातली हजारो शितं तिने बघितलेली नाहीत, एकावरून सगळ्यांबद्दल बोलतेय. निगमनाच्या कडक नजरेने बघितलं तर हा घोर अपराध आहे, कारण एक शीत शिजलेलं आणि बाकी कच्ची, अशी गोष्ट आरामात रचता येते. पण रोज जेवायला बसतो आपण, आणि भात बरोबर असतो.

का बरोबर असतो ते महत्त्वाचं. तांदूळ एका जातीचा, एकाच वेळी धुतलेला, एकाच पाण्यात, एकाच आचेवर. म्हणजे ते शीत बाकीच्यांचं खरंखुरं प्रतिनिधी आहे. एकदा मी हुशारी केली, डब्यात उरलेला जुना आंबेमोहोर आणि दुकानातून आणलेला नवा तांदूळ एकत्र लावला. नवा लवकर शिजतो आणि पाणी कमी पितो, जुन्याला वेळ लागतो. मी शीत दाबून बघितलं, मऊ लागलं, झाकण ठेवलं. पानात आलं तेव्हा निम्मा भात गिचका आणि निम्म्यात कणी. पद्धत तीच होती हो, शीतही खरोखर शिजलेलं होतं, पण पातेल्यात दोन वस्त्या होत्या आणि मी एकीलाच विचारून आलो होतो.

आंब्याच्या पेटीचं त्याहून वाईट. मार्केट यार्डात पेटी उघडून दाखवतात, वरच्या थरात एकेक हापूस फोटो काढण्यासारखा, आणि घरी आल्यावर खालचा थर बघून बायको आपल्याकडे बघते. भाताचं शीत आईने कुठूनही उचललं होतं, पेटीतला नमुना मात्र विकणाऱ्याने आपल्यासाठी निवडून ठेवलेला असतो. ऑनलाईन रिव्ह्यू वाचताना, क्लासच्या फ्लेक्सवरचे टॉपर बघताना मला हल्ली ती पेटीच आठवते.

तर विगमनात वैध-अवैध असे दोनच कप्पे नसतात. तिथे पट्टी असते, लेचापेचा ते भक्कम. किती नमुने बघितले, ते कुठून उचलले, कोणी उचलले, विरुद्ध पुरावा शोधला का, आणि निष्कर्ष पुराव्याच्या किती पुढे उडी मारतो, यावर तो पट्टीवर कुठे बसतो ते ठरतं. "दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितो" हा पट्टीच्या अगदी खालच्या टोकाचा माणूस, नमुना एक आणि उडी ताकापर्यंत. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, हा त्याचाच भाऊ.

नवीन बातमी आली की

या दोघांतला फरक सगळ्यात स्पष्ट कुठे दिसतो, तर नवी माहिती आल्यावर. वैध निगमनात आधार तेच ठेवून आणखी हजार गोष्टी भरा, जोड हलत नाही. विगमनात मात्र एक वाक्य वाढलं की सगळं उलटं होऊ शकतं.

पुण्यात याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. खडकवासल्याचं धरण एकोणिसाव्या शतकातलं, १९६१ साली ते ऐंशीच्या वर पावसाळे बघून उभं होतं. इतके पावसाळे टिकलं म्हणजे याही पावसाळ्यात टिकेल, असं कोणी १९६१ च्या जूनमधे म्हटलं असतं तर तो वेडा ठरला नसता. चांगलं भक्कम विगमन होतं ते. १२ जुलैला वरचं पानशेत फुटलं. आता त्याच युक्तिवादात "वरच्या धरणाचं सगळं पाणी खाली येतंय" एवढं एक वाक्य घाला. ऐंशी पावसाळ्यांचे सगळे आधार तसेच खरे आहेत, एकही खोटा ठरला नाही, पण निष्कर्षाखालची जमीन गेली, कारण त्यांतल्या एकाही पावसाळ्यात हे घडलेलं नव्हतं. खडकवासलाही टिकलं नाही आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. आमच्या आजीच्या बोलण्यात काळाचे दोनच भाग होते, पुराच्या आधीचं आणि पुराच्या नंतरचं.

म्हणून विगमन करणाऱ्याला एक वेगळं पथ्य असतं, हाताशी असलेली सगळी माहिती वापरायची, सोयीची तेवढी नाही.

मग काकांचं नक्की काय चुकलं?

काकांच्या मेसेजमधे दोन उड्या आहेत. पहिली: वेधशाळा म्हणाली पाऊस पडणारच, पडला नाही, म्हणून अंदाज खोटा. ही जोडणी चक्क वैध आहे! गडबड टाकीत आहे. "पडणारच" असं वेधशाळा म्हणालीच नव्हती. हवामान खात्याच्या अंदाजांच्या पत्रकात शब्दांचे अर्थ ठरलेले असतात. 'लाइकली' म्हणजे २५ ते ५० टक्के शक्यता, 'व्हेरी लाइकली' म्हणजे ५० ते ७५, आणि ७५ च्या वर असेल तर 'मोस्ट लाइकली'. मला हे कळलं तेव्हा मी चाटच पडलो, कारण खालच्या पायरीवर पाऊस न पडण्याची शक्यताच जास्त असते, आणि आपल्यापर्यंत येईस्तोवर त्या सगळ्याचं "पावसाची शक्यता" होतं आणि ग्रुपवर "पाऊस पडणार".

शिवाय "पुणे" म्हणजे काय? मेसेजमधला अलर्ट जिल्ह्याला होता. जिल्ह्यात लोणावळा, मुळशी आणि सगळा घाटमाथा येतो. दिवसाला २०४.४ मिलीमीटरच्या वर पडला तर खातं त्याला अतिवृष्टीतला सर्वात वरचा प्रकार मानतं, आणि घाटावर जुलैत तसा पडणं काही नवलाचं नाही. त्याच वेळी कोथरूडात कपडे वाळत असू शकतात. एकाच युक्तिवादात वर पुणे जिल्हा आणि खाली आमची बाल्कनी, हे म्हणजे पाईप मधेच दुसऱ्या बिल्डिंगच्या टाकीला जोडल्यासारखं झालं.

दुसरी उडी: हा अंदाज चुकला, म्हणून वेधशाळेला काही कळत नाही. हे शुद्ध विगमन, एका शितावरून. आणि शीतसुद्धा पेटीतल्या वरच्या थरासारखं, कारण चुकलेला अंदाज ग्रुपवर येतो, बरोबर आलेला कोणी फॉरवर्ड करत नाही. शक्यतेचा अंदाज तपासायचा तर असं करावं लागतं की ज्या ज्या दिवशी साठ टक्के म्हटलं होतं ते शंभर दिवस घ्या आणि मोजा, त्यातल्या साठेक दिवशी पडला का? शंभरच्या शंभर दिवशी पडला तरी तो अंदाज वाईट होता, हे ऐकून काकांना माझ्या डोक्याची काळजी वाटली.

सुट्टी द्यायला हवी होती का, हा तिसराच प्रश्न. त्यात न पडणाऱ्या पावसाची किंमत आणि पुरात अडकलेल्या स्कूलबसची किंमत यांची तुलना आहे.

पण मग विगमन म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे ना?

हा आक्षेप आजचा नाही. आपल्याकडे न्यायशास्त्रातलं (कोर्टाचं नव्हे, जुन्या भारतीय तर्कशास्त्रातलं) लाडकं उदाहरण आहे, डोंगरावर धूर दिसतोय, म्हणून तिथे आग आहे, जशी स्वयंपाकघरात असते. जिथे धूर तिथे अग्नी, या कायमच्या सोबतीला ते व्याप्ती म्हणतात. डोळ्यांना दिसतं तेवढंच मानणाऱ्या चार्वाकांनी तिथेच बोट ठेवलं. तुम्ही जगातले सगळे धूर बघितलेत का? उद्याचे बघितलेत का? मग "जिथे जिथे" म्हणता कशाच्या जोरावर? पुष्कळ शतकांनी, १७३९ साली, स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने विचारली, की आजवर निसर्ग असा वागला म्हणून पुढेही असाच वागेल हे कशावरून? आजवर तसं होत आलंय म्हणून, असं म्हणालात तर जे सिद्ध करायचं तेच वापरलंत. याचं सगळ्यांना पटेल असं उत्तर अजून मिळालेलं नाही, आणि मला ते या लेखात सापडेल असंही नाही.

पण नैयायिक, म्हणजे ते न्यायशास्त्रवाले, गप्प बसले नाहीत, आणि त्यांचं काम मला फार आवडतं. त्यांनी विचारलं, उलटं चालेल का, जिथे अग्नी तिथे धूर? नाही चालत. लोखंडाचा गोळा तापून लाल होतो, अग्नी आहे, धूर नाही. मग स्वयंपाकघरात धूर कशामुळे होता? ओल्या लाकडामुळे. आग आणि धूर यांच्या मधे एक लपलेली अट होती. म्हणजे सोबत दिसली की लगेच नियम करायचा नाही, लपलेली अट शोधायची, ती सापडली नाही तोवरच नियमावर भार टाकायचा. आजचा संशोधक औषधाची चाचणी घेताना याहून फार वेगळं काही करत नाही, फक्त त्याच्याकडे कॉम्प्युटर आहे.

आणि निगमनाला खात्री फुकट मिळत नाही. टाकीतल्यापेक्षा नवीन काही नळाला येत नाही म्हटलं ना, मग टाकी भरली कोणी? "सगळी माणसं मर्त्य आहेत" हे विधान आलं कुठून? माणसं मरताना बघून. म्हणजे जगाबद्दलच्या बहुतेक निगमनांची टाकी विगमनाच्या टँकरनेच भरलेली असते. तेव्हा निगमन श्रेष्ठ आणि विगमन दुय्यम असं काही नाही.

हेल्मेट, अर्थातच

पुण्यात राहून या विषयावर लिहायचं आणि हेल्मेट टाळायचं म्हणजे अवघड. हा वाद वर्षानुवर्षं मिटत नाही, त्याचं एक कारण मला आता दिसतं, दोन युक्तिवाद एकमेकांत अडकलेत.

एक, कायद्याचा. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ म्हणतं की दुचाकीवर बसणाऱ्याने हेल्मेट घालायचं, पगडी बांधणाऱ्या शीख व्यक्तीला सूट. काका दुचाकी चालवतात, काका शीख नाहीत, म्हणून काकांना कायद्याने हेल्मेट घालावं लागतं. हे निगमन. यात "शहरात गाडी तीसच्या वर जातच नाही" हे उत्तर होत नाही. फार तर कायदा बदलावा यासाठीचा तो वेगळा युक्तिवाद होईल.

दोन, फायद्याचा. २००८ साली ६१ अभ्यास एकत्र करून जो आढावा निघाला त्यात हेल्मेटने अपघातात मरण्याचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो असं दिसलं. हे विगमन, आणि चांगलं भक्कम. यावर कट्ट्यावर येणारी उत्तरं दोन. "आमच्या ओळखीतला एक हेल्मेट घालूनही गेला." अहो, धोका शून्य होतो असं कोणी म्हटलंच नाही. "सगळे" असं विधान असतं तर एक उलटं उदाहरण पुरलं असतं, "कमी" या विधानाला ते ओरखडाही काढत नाही. दुसरं उत्तर, "मी तीस वर्षं विनाहेल्मेट चालवतोय, काय झालं?" काही झालं नाही म्हणून तर काका कट्ट्यावर बसून हे सांगू शकतायत. ज्यांना झालं ते कट्ट्यावर येत नाहीत. परत तीच आंब्याची पेटी.

शाळेतली व्याख्या आणि ओळखायचं कसं

बऱ्याच जणांनी शाळेत पाठ केलेलं असतं की निगमन सामान्याकडून विशेषाकडे जातं आणि विगमन विशेषाकडून सामान्याकडे. सोडून द्या. मागचे दहा शनिवार बस उशिरा आली म्हणून येत्या शनिवारीही उशिरा येईल, हे विशेषाकडून विशेषाकडे आहे आणि तरी विगमन आहे. आणि सगळे कोकणस्थ माणसं आहेत, सगळी माणसं चुकतात, म्हणून सगळे कोकणस्थ चुकतात, हे सामान्याकडून सामान्याकडे आणि तरी निगमन (आणि पक्कं, मी स्वतः कोकणस्थ आहे). गणितातलं विगमन तर नावालाच विगमन, पहिली पायरी सिद्ध केली आणि प्रत्येक पायरीवरून पुढची मिळते हे सिद्ध केलं की सगळ्या पायऱ्या मिळाल्याच, तिथे "बहुतेक" ला जागाच नाही.

शब्दांवरही जाऊ नका. मराठी माणूस "नक्की" हा शब्द मिठासारखा वापरतो. "नक्की ट्रॅफिकमधे अडकला असणार" यात निगमन कुठे आहे? बोलणाऱ्याचा शब्द काही असो, आधार आणि निष्कर्ष यांच्यातला जोड कुठल्या प्रकारात चांगला शोभतो ते बघायचं, आणि त्याच प्रकाराच्या नियमांनी तपासायचं. समोरच्याला मुद्दाम कमकुवत कप्प्यात ढकलून मग हरवण्यात मजा नाही. भाचीचं म्हणणं, हा नियम सगळ्यात कमी पाळला जातो.

काल सकाळी ग्रुपवर मेसेज होता. "टँकर आला नाही. पैसे भरले नाहीत की टँकर येत नाही. म्हणजे कमिटीने पैसे भरलेले नाहीत. मागच्या महिन्यातही हेच झालं होतं." मी चहा घेता घेता दोनदा वाचलं. पहिली तीन वाक्यं म्हणजे सी विंगच्या ताईंचं स्टिकर, हुबेहूब. चौथं म्हणजे एक शीत. मी लिहिलं, "टँकर न येण्याचं दुसरं काही कारण असू शकतं का, आणि मागच्या महिन्याच्या आधी असं किती वेळा झालं?" बी विंगच्या काकांनी उत्तर दिलं, "तू वेधशाळेत लागलास का रे?" टँकर साडेअकराला आला. ड्रायव्हर म्हणाला सिंहगड रोडला टायर पंक्चर झाला होता. काकांनी त्यावर लिहिलं, ते कशावरून?